दुसऱ्यांदा वाचता येते तीच खरी रहस्यकथा

रहस्यकथा चांगली की सुमार हे ठरवायची माझी कसोटी एकच. खुनी कोण ते कळून गेल्यावर काही महिन्यांनी तेच पुस्तक परत हातात घ्यावंसं वाटतं का, आणि घेतलं तर पहिल्यापेक्षा जास्त मजा येते का. बाकी चार खून झालेत की चौदा, शेवटच्या पानावर धक्का बसतो का, रात्रीची झोप उडते का, हे सगळं नंतर. धक्का काय हो, कोणीही देतो, ज्याचं नाव पुस्तकभर घेतलं नाही असा माणूस शेवटी पुढे आणून उभा केला की वाचणारा दचकतोच, पण ती फसवणूक झाली. खऱ्या रहस्यकथेत सगळं तुमच्या डोळ्यासमोर मांडलेलं असतं आणि तरी तुम्हाला दिसत नाही.

आमच्याकडे भुसावळ-जळगावात वाचणारे खूप आहेत पण रहस्यकथा म्हटलं की लोक "टाइमपास" म्हणून बाजूला करतात, एकदा वाचली की रद्दी, असं मला कितीतरी जणांनी तोंडावर सांगितलंय. मला हे अजिबात पटत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकता येत नाही, कूलरसमोर बसून वाचायचं नाही तर करायचं काय, तर त्या वेळात मी वर्षानुवर्षं हेच वाचत आलेय, मराठी, हिंदी आणि जमेल तसं इंग्रजी, त्यामुळे कोणतं पुस्तक पैसे टाकून घ्यावं आणि कोणतं लायब्ररीतून आणून परत करावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती इथे मोकळेपणाने लिहितेय. खुनी कोण ते मात्र एकाही पुस्तकाचं सांगणार नाही. माझी मैत्रीण पुस्तक मागायला आली की दारातूनच ओरडते, "भो, खुनी कोन शे ते माले सांगू नको!" आणि तिचं बरोबर आहे.

सगळ्यात आधी अगाथा ख्रिस्ती. तिचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' 1926 चं आहे, म्हणजे शंभर वर्षं झाली, आणि माझ्या मते रहस्यकथेत याच्या पुढे कोणी गेलेलं नाही. इंग्लंडमधलं एक खेडं, तिथे पोइरो नावाचा बेल्जियन डिटेक्टिव्ह निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची भाजी लावत बसलाय, त्याला त्या भाजीचा इतका वैताग आलाय की एक भोपळा तो कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावतो आणि तो शेजारच्या डॉक्टरांच्या बागेत येऊन पडतो. अशी त्याची एन्ट्री. डॉक्टरांची बहीण घराबाहेर पाय न टाकता गावभरच्या बातम्या गोळा करते, दूधवाला काय बोलला, मोलकरीण काय बोलली, आणि अशी बाई आपल्याकडे प्रत्येक गल्लीत असतेच त्यामुळे तो गाव परका वाटतच नाही. खून होतो, पोलीस येतात, दागिने, पैसे, चाकू, बुटाचे ठसे यात सगळे गुंततात, आणि पोइरो विचारत बसतो की खोलीतली एक खुर्ची जागेवरून का सरकली होती. एक खुर्ची! पहिल्या वाचनात तुम्हाला वाटतं की म्हातारा उगाच काहीतरी धरून बसलाय. दुसऱ्या वाचनात ती खुर्ची आली की अंगावर काटा येतो.

या पुस्तकावर तेव्हा बराच वाद झाला होता, लेखिकेने वाचकाला फसवलं असं काही लोकांचं म्हणणं होतं, आणि डोरोथी सेयर्स, जी स्वतः मोठी रहस्यकथाकार, तिने ख्रिस्तीची बाजू घेतली की संशय सगळ्यांवर घेणं हे वाचकाचं काम आहे. मी सेयर्सच्या बाजूने. कारण मी दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले होते (माझ्या स्वतःच्या प्रतीवर, लायब्ररीच्या नाही) आणि एकही वाक्य खोटं सापडलं नाही. सगळं खरं लिहिलंय. फक्त तुम्ही ते कसं वाचाल हे तिला माहीत होतं. पाचपैकी पाच, आणि हे पुस्तक विकतच घ्या कारण दुसऱ्यांदा लागणार आहे.

'अँड देन देअर वेअर नन' (1939) पण भारी आहे, दहा माणसं एका बेटावर, टेबलावर दहा छोट्या बाहुल्या, माणूस गेला की एक बाहुली गायब. भीती यात जास्त आहे, आणि लेखिका दहाच्या दहा जणांच्या मनात डोकावते तरी कळत नाही, ते कसं जमवलं हे बघायलाच परत वाचावं. पण माणसं यातली मला जरा कोरडी वाटतात. अ‍ॅक्रॉइडच्या खाली अर्धा मार्क.

आता कॉनन डॉयलचा डिटेक्टिव्ह शेरलॉक होम्स. लांब कादंबऱ्या फक्त चार आहेत आणि गोष्टी 56, आणि खरा होम्स त्या गोष्टींत आहे असं माझं स्पष्ट मत. 'सिल्व्हर ब्लेझ' घ्या, 1892 ची. रेसचा घोडा चोरीला गेलाय आणि त्याचा ट्रेनर मेलाय. तबेल्यावर पहाऱ्याला जो पोरगा होता त्याच्या जेवणात अफू घातली होती, आणि जेवण काय होतं तर मसालेदार मटण. हे गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय, लपवलेलं नाही. सगळे विचारतात अफू कोणी घातली. होम्स विचारतो की बाबा अफूला चव असते, साध्या जेवणात ती लगेच कळली असती, मग नेमकं त्याच रात्री मसाल्याचं मटण करायचं कोणी ठरवलं? बस, या एका प्रश्नावर अर्ध्या लोकांवरचा संशय उडून जातो. खान्देशातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात काय काय लपतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या गोष्टीतला रात्री कुत्रा भुंकलाच नाही हा मुद्दा जगभर प्रसिद्ध झालाय पण मला मटणाचा मुद्दा जास्त आवडतो, कारण तो स्वयंपाकघरातला आहे.

आणि इथेच एक महत्त्वाची गोष्ट सांगते, पुस्तक घ्यायच्या आधी कव्हरवर "संक्षिप्त" असं छापलंय का ते बघा आणि छापलं असेल तर खाली ठेवून द्या. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं संक्षिप्त एकवेळ चालेल, रहस्यकथेचं नाही चालत. माझ्याकडे एक होम्सचा संक्षिप्त अनुवाद आला होता, प्रकाशकाचं नाव घेत नाही, त्यात याच गोष्टीत जेवणाचं वर्णन उडवलेलं, "जेवणात गुंगीचं औषध होतं" एवढंच. मग शेवटी होम्स एकदम मसाल्याबद्दल बोलायला लागतो आणि वाचणारा म्हणतो हे कुठून आलं? ज्याने कापलं त्याला वाटलं की मटण की वरण काय फरक पडतो. सगळा फरक तिथेच पडतो! रहस्यकथेत फालतू दिसणारं वाक्यच कामाचं असतं, आणि संक्षिप्त करणारा माणूस नेमकं फालतू दिसणारंच कापतो.

दुसरी तक्रार मागच्या कव्हरवरच्या मजकुराची. दीडशे पानांपर्यंत जे लपवून ठेवलंय ते मागे चार ओळीत छापून टाकतात, "आणि मग कळतं की नवराच..." अरे काय हे. मी आता नवीन पुस्तकाला घरी आल्याबरोबर वर्तमानपत्राचं कव्हर घालते. लायब्ररीच्या प्रतींचं तर त्याहून वाईट, एका ठिकाणी मला असं पुस्तक मिळालं की पात्रांच्या यादीत एका नावाभोवती कोणीतरी बॉलपेनने गोल केलेला आणि बाण काढून लिहिलेलं "हाच". लेखकाने वर्षभर खपून रचलेलं असतं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक वाचकाचं ते एका बाणात जातं. हे करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका करू.

सस्पेन्स आणि रहस्य यांची लोक गल्लत करतात म्हणून थोडं त्याबद्दल. रहस्यात झालं काय ते शोधायचं, सस्पेन्समध्ये होणार काय याची धाकधूक. जपानी लेखक केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (मूळ 2005 चं, तिकडचा मोठा नाओकी पुरस्कार मिळालेला) हे दोन्ही एकत्र करतं आणि असं जमवणारे फार कमी. सुरुवातीलाच खून होतो, कोणी केला तेही समोर दिसतं, म्हणजे लपवायला काही उरलंच नाही असं वाटतं. डब्याच्या दुकानात काम करणारी एक बाई आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर, तो तिला वाचवायचं ठरवतो. मग एक फिजिक्सवाला प्रोफेसर, मास्तरचा कॉलेजातला मित्र, हळूहळू जवळ येत जातो. आपण पुस्तकभर घाबरत राहतो की आता पकडले जाणार, आता पकडले जाणार, आणि शेवटी कळतं की आपल्याला जो प्रश्न वाटत होता तो प्रश्नच वेगळा होता.

तर यात पहिल्या प्रकरणात मास्तर सकाळी घरातून निघून नदीकाठाने शाळेत चालत जातो, वाटेत काय काय दिसतं ते लेखक सांगतो. दोन-तीन पानं असतील. पहिल्यांदा वाचताना आपण ती भराभर उलटतो, वातावरणनिर्मिती आहे म्हणून. पुस्तक संपल्यावर परत जाऊन ती पानं वाचा. मी वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले, घरात कोणी काय विचारलं ते ऐकू पण आलं नाही. मी हे इंग्रजीतून वाचलं, भाषा सोपी आहे, दहावी-बारावीच्या पोरांना पण झेपेल. पाचपैकी पाच.

जपानीच आणखी एक, सेइचो मात्सुमोतोचं 'पॉइंट्स अँड लाइन्स', 1958 चं. हे भुसावळच्या माणसाने वाचायलाच पाहिजे, कारण सगळं पुस्तक रेल्वे टाइमटेबलवर उभं आहे. टोकियो स्टेशनवर 13 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून 15 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरची गाडी दिसत नाही, मधे सतत दुसऱ्या गाड्या उभ्या असतात, दिवसभरात फक्त चार मिनिटं अशी आहेत की मधे एकही गाडी नसते आणि आरपार दिसतं. नेमक्या त्या चार मिनिटांत तीन जणांनी एका जोडप्याला गाडीत चढताना पाहिलं. पुढे ते जोडपं समुद्रकिनाऱ्यावर मेलेलं सापडतं, सगळे म्हणतात प्रेमप्रकरण, दोघांनी जीव दिला, फाइल बंद करा. एका म्हाताऱ्या हवालदाराच्या जातीच्या डिटेक्टिव्हला मेलेल्याच्या खिशात डायनिंग कारचं बिल सापडतं, एकाच माणसाचं. दोघं सोबत निघाले होते ना, मग जेवला एकटाच का? तो माणूस काही हुशारी दाखवत नाही, होम्ससारखं बोलत नाही, बिल हातात धरून नुसता विचार करत राहतो की माझ्या घरी असं झालं असतं का, बाई जेवली नाही तरी सोबत येऊन बसली असती. मला हा डिटेक्टिव्ह फार आवडला.

माझे वडील रेल्वेत होते, आमच्या घरी पंचांगाशेजारी टाइमटेबल टांगलेलं असायचं, त्यामुळे असेल पण मला नेहमी वाटतं की अशी कादंबरी आपल्याकडे का नाही. भुसावळहून एक लाइन खंडवा-इटारसीकडे जाते, एक अकोला-नागपूरकडे. तिकडून सुरतेची लाइन नंदुरबार, अमळनेर करत येते ती जळगावात मिळते, मुंबईची चाळीसगाव, पाचोरा करत येते ती पण जळगावातच, आणि चाळीसगावहून धुळ्याला वेगळा फाटा. एक माणूस म्हणतो मी अमळनेरहून आलो, कपड्यावर धूळ त्या बाजूची, तिकीट त्या बाजूचं, पण खरा आला पाचोऱ्याकडून. अहो, कथानक तयार आहे! फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स नावाचा आयरिश लेखक होता, तो मुळात रेल्वेतलाच इंजिनियर, त्याने अशाच वेळापत्रकांवर आणि खोट्या पुराव्यांवर कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे रेल्वेत आयुष्य घालवलेली हजारो माणसं आहेत, त्यातल्या एखाद्याने लिहायला घ्यावं अशी माझी अगदी मनापासून इच्छा आहे.

मराठीकडे येते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांच्या नायकांची नावं आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. माझ्या कसोटीला त्या उतरत नाहीत हे खरं सांगते, धागेदोरे फारसे पेरलेले नसतात, योगायोग खूप, दुसऱ्यांदा वाचताना नवीन काही सापडत नाही. पण तरी मी त्यांना कमी लेखणार नाही आणि कोणी लेखलं तर भांडेन. भाषा इतकी स्वच्छ, वाक्यं इतकी छोटी, पहिल्या पानावर घटना सुरू, की जेमतेम चार यत्ता शिकलेला माणूस पण संपवूनच उठायचा. आमच्या आजोबांनी जिनिंगमध्ये हमाली केली, ते अर्नाळकर वाचून वाचक झाले आणि मग ज्ञानेश्वरीपर्यंत गेले, हे मी घरात पाहिलंय. तर एकदा तरी वाचाच, विकत नाही मिळाल्या तर जुन्या लायब्ररीत मिळतील.

सुहास शिरवळकरांचं वेगळं. त्यांचे नायक दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी, आणि संवाद असे की पान वाचताना आवाज ऐकू येतो. अमर विश्वासच्या कोर्टातल्या गोष्टी मला जास्त आवडतात कारण कोर्टात पुरावा मांडावाच लागतो, लेखकाला पळवाट नसते. कसोटीला काही उतरतात काही नाही, पण संवादासाठी मी परत वाचते.

हिंदी पॉकेटबुकं म्हणजे आमच्या स्टेशनची देणगी. भुसावळला गाड्या थांबायच्या तशा फलाटावरच्या स्टॉलवर लोक उतरून पुस्तक घ्यायचे, आणि वडील ड्यूटीवरून येताना प्रवाशांनी डब्यात सोडून दिलेली आणायचे. इब्ने सफी या उर्दू लेखकाची 'जासूसी दुनिया' ही मालिका 1952 पासूनची, तिच्या हिंदी अनुवादात कर्नल विनोद आणि कॅप्टन हमीद, आणि नंतरचे सुरेंद्र मोहन पाठक. पाठकांचा सुनील हा पेपरातला रिपोर्टर, आणि त्याच्या कादंबऱ्या खऱ्या अर्थाने तपासाच्या आहेत, कोण कुठे होतं, किती वाजता होतं, सगळं नीट मांडून. विमल म्हणजे गुन्हेगार असलेला नायक, त्यात मारामारी जास्त. मला सुनील. कागद पिवळा, बाइंडिंग उन्हाने सुटतं, आमच्याकडे मे महिन्यात तर गोंदच वितळतो की काय असं वाटतं, पानं हातात येतात, तरी जपून ठेवलीत.

आता एक मुद्दा जो मला फार खटकतो, नवीन मराठी-हिंदी सस्पेन्स कादंबऱ्यांमध्ये आणि त्या वेबसिरीजमध्ये पण. डॉक्टर बॉडीला हात लावतो आणि म्हणतो "मृत्यू रात्री दहा ते सव्वादहाच्या दरम्यान". असं नसतं हो. बॉडी गार पडणं, कडक होणं, सगळं हवेवर अवलंबून. उष्णतेत कडकपणा लवकर येतो आणि लवकर जातो. आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच 44-45 डिग्री असतं, माणसाचं अंग 37, तर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पडलेली बॉडी गार होणार कशी? विलायती पुस्तकातलं कोष्टक उचलून जळगावच्या उन्हाळ्यात लावलेलं लगेच कळतं. उलट कोणी हाच मुद्दा धरून लिहिलं, की मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याचा वेळेचा अंदाज चुकला आणि इथल्या जुन्या हवालदाराला बरोबर माहीत होतं, तर काय सुंदर कादंबरी होईल. विषाचं पण तसंच, "रंग नाही, वास नाही, चव नाही" असं लिहून मोकळे होतात. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला फवारणीच्या औषधाचा वास झोपेत पण ओळखू येतो, त्याला हे कसं पटणार.

ख्रिस्तीचं मोठेपण इथे कळतं. पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करत होती, औषधं मोजून द्यायची, त्यामुळे तिच्या पुस्तकातलं विष कधी उगाच नसतं. तिच्या एका कादंबरीत (नाव सांगत नाही, सांगितलं तर फुटेल) थॅलियम या विषाची लक्षणं आहेत. 1977 साली लंडनच्या एका हॉस्पिटलात कतारहून आणलेलं लहान मूल होतं, आजार कोणाला कळत नव्हता, आणि तिथली एक नर्स नेमकी तीच कादंबरी वाचत होती, तिला लक्षणं जुळताना दिसली, तिने डॉक्टरांना सांगितलं, तपासलं तर थॅलियमच निघालं. मूल वाचलं. ख्रिस्ती त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. टाइमपास म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

लांब आणि जुनं काही हवं असेल तर विल्की कॉलिन्सचं 'द मूनस्टोन', 1868. 1799 ला टिपू सुलतानाचं श्रीरंगपट्टणम पडलं तेव्हा लुटलेला हिरा, मुळात सोमनाथच्या देवाचा, इंग्लंडात एका मुलीला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री गायब होतो. दरवाजाला ओला रंग दिलेला असतो आणि त्यावर एक फराटा उठलाय, तर कोणाच्या कपड्याला रंग लागला ते शोधा, एवढ्याशा गोष्टीवर पुस्तक चालतं. एकामागून एक वेगवेगळी माणसं आपापला भाग सांगतात. त्यातला म्हातारा कारभारी काही अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून बघतो, आपल्याकडे पोथी उघडून कौल घेतात तसा, आणि त्याला दरवेळी उत्तर सापडतं पण. सुरुवात सावकाश आहे, धीर धरा. मला यात सगळ्यात भावलं ते हे की हिरा चोरला कोणी हा प्रश्न लेखक श्रीरंगपट्टणमच्या लुटीपासून सुरू करतो, आणि हिऱ्यामागे आलेल्या तीन ब्राह्मणांना शेवटी मान देतो. याउलट होम्सच्या 'द साइन ऑफ फोर' (1890) मध्ये आग्र्याचा खजिना आहे, 1857 आहे, सगळा मसाला आपल्याकडचा, पण अंदमानच्या माणसाचं वर्णन जनावरासारखं केलंय. ते वाचताना मला राग येतो आणि वाईट वाटतं. तपासाचा भाग छान असला तरी मी ते पुस्तक कोणाला पहिलं म्हणून देत नाही.

पोरांना काय द्यावं हे बऱ्याच आया विचारतात. सत्यजित रेंचा डिटेक्टिव्ह फेलूदा, 1965 पासूनचा, मराठीत आलेला आहे, बिनधास्त द्या. माझी मुलगी आठवीत आहे, ती आता स्वतःच माझ्याशी वाद घालते की हा धागा लेखकाने आधी दाखवला होता का नव्हता, आणि मला याचा फार आनंद होतो. त्यानंतर ब्योमकेश, हा पण बंगाली डिटेक्टिव्ह. टीव्हीवर 1993 मध्ये आलेली सिरियल लोकांना आठवते पण मूळ शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या गोष्टी 1932 पासूनच्या आणि त्या वाचण्यात जास्त गोडी आहे. एका गोष्टीत कलकत्त्याच्या भर रस्त्यात चालता चालता माणसं कोसळून मरतात आणि छातीत, अगदी काळजात, ग्रामोफोनची पिन रुतलेली सापडते. आवाज कोणी ऐकला नाही, मारणारा कोणी पाहिला नाही. आणि पेपरात दर आठवड्याला एक जाहिरात, ज्याला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल त्याने शनिवारी अमुक ठिकाणी दिव्याच्या खांबापाशी उभं राहावं. पिन कुठून येते ते तुम्हाला आधी दाखवलेलं असतं, मी फक्त एवढंच सांगते.

काय घेऊ नये? ज्याच्या कव्हरवर "शेवटचं पान तुम्हाला हादरवेल" असं आहे ते. जुळा भाऊ निघणारी. सगळं स्वप्न होतं निघणारी. आणि खुन्याला एकदम वेडा ठरवून मोकळी होणारी, कारण त्यात कारण शोधायची लेखकाची जबाबदारीच संपते आणि आजारी माणसांवर उगाच डाग लागतो. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यात जुळ्यांबद्दल स्पष्ट म्हटलंय की वाचकाला आधी कल्पना दिल्याशिवाय आणायचे नाहीत, म्हणजे तेव्हाच लोक कंटाळले होते.

ऑडिओबुकबद्दल पण बोलते, आता सगळे तेच ऐकतात. पुण्याच्या बसमध्ये रात्रभर ऐकायला सस्पेन्स उत्तम, वाचणारा चांगला असेल तर कानात आवाज आणि बाहेर अंधार, मजा येते. पण तपासाची कादंबरी मी ऐकत नाही. मागे जाऊन पान उलटून बघता येत नाही, खुर्ची कुठे होती ते शोधता येत नाही, आणि तेच तर खरं वाचणं.

सुरुवात करायची असेल तर आधी होम्सच्या गोष्टी, पूर्ण अनुवाद बघून, मग अ‍ॅक्रॉइड, मग हिगाशिनो. अ‍ॅक्रॉइडच्या आधी कोणाशी त्याबद्दल बोलू नका आणि मोबाइलवर शोधू नका, पहिल्याच ओळीत फोडलेलं असतं. आणि जुन्या बाजारातून, रद्दीवाल्याकडून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी शेवटची पानं जागेवर आहेत का ते तपासा, मजकूर वाचू नका, हाताने वरचा भाग झाकून खालचे पानांचे नंबर तेवढे बघा.